शोध थांबू नये, पण गप्पही राहू नये

शंभर फायलींमधून एक नाव शोधायला सांगितले, आणि त्यांपैकी दोन फायली जागेवर नाहीत व तिसरी मधेच खराब झालेली आहे असे निघाले, तर शोधप्रणालीने काय करावे? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमधला हा वाद जुना आहे आणि पुन्हापुन्हा नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो की पहिल्या खराब फायलीपाशीच थांबावे आणि त्रुटी दाखवावी, कारण अर्धवट उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच घातक असते. दुसरा म्हणतो की खराब फाइल वगळून पुढे जावे. तीन फायलींपायी सत्त्याण्णव फायलींतले उत्तर अडवून धरायचे कारण काय? दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते, ती अशी की शोध पुढे चालू ठेवणे म्हणजे झालेल्या नुकसानावर पांघरूण घालणे. एकाला ते पांघरूण पाप वाटते, दुसऱ्याला सोय वाटते. ते घालण्याची मुळात गरज काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

माझी भूमिका आधीच सांगतो. शोध थांबू नये. वाचता येणाऱ्या फायलींमधून जे मिळेल ते द्यावे. मात्र जे पाहता आले नाही त्याची नोंद, आकड्यानिशी आणि फायलींच्या नावांनिशी, उत्तराच्या आतच असावी, आणि ती टाळून नुसते उत्तर उचलणे सहजासहजी जमू नये. ‘सापडले नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. त्यांची सरमिसळ करणारी प्रणाली वापरणाऱ्याला खोटी माहिती देते, मग ती कितीही झटपट देवो.

हे काही नवे तत्त्वज्ञान नाही. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्स या संगणकप्रणालीसाठी ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा लिहिली. तिच्या आजच्या प्रमाणित रूपात काम संपल्यावर ती एक आकडा मागे ठेवते : मजकूर सापडला तर ०, सापडला नाही तर १, आणि वाचतानाच अडचण आली तर १ हून मोठा आकडा, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ग्रेपमध्ये २. ‘नाही’ आणि ‘कळले नाही’ यांच्यातला फरक इतक्या साध्या रीतीने तिथे केव्हाच मांडलेला आहे. आपण त्याचे काय करतो? ग्रेपचे उत्तर पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर दुसरीला पुरवणाऱ्या जोडणीतून, ओळी मोजणाऱ्या दुसऱ्या आज्ञेकडे पाठवतो, आणि मग पाइपच्या शेवटच्या आज्ञेचा आकडा तेवढा उरतो, ग्रेपचा २ वाटेतच गळून पडतो. त्रुटींचे संदेश पडद्यावर गर्दी करतात म्हणून ते ‘डेव्ह नल’मध्ये, म्हणजे सगळे गिळून टाकणाऱ्या रिकाम्या जागेत, ओतून देण्याची सवय बोटांना लागलेली असते. हातात येतो तो एक स्वच्छ, नेटका शून्य. तो शून्य ‘एकही नोंद नाही’ असा आहे की ‘एकही फाइल उघडली नाही’ असा आहे, हे सांगणारे काहीच शिल्लक राहत नाही.

याहून बारीक उदाहरण लॉग फायलींचे, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदवह्यांचे, आहे. वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडला की लॉगमध्ये त्या क्षणापाशी कधीकधी शून्य-बाइटांचा एक पट्टा उरतो. फायलीची लांबी वाढलेली असते, पण मजकूर डिस्कवर पोहोचलेला नसतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुढच्या ओळी त्या पट्ट्यानंतर लिहिल्या जातात. अशी फाइल समोर आली की ग्रेप तिला बायनरी, म्हणजे मजकुराची नसलेली फाइल, समजते आणि जुळणाऱ्या ओळी दाखवण्याऐवजी ‘बायनरी फाइल जुळते’ एवढे सांगते. ‘रिपग्रेप’ हे अलीकडचे लोकप्रिय साधन संपूर्ण फोल्डर शोधत असेल, तर शून्य-बाइट दिसताच त्या फायलीतला शोध सोडून देते. आधी एखादी ओळ जुळलेली असेल तर तसे कळवते, जुळलेली नसेल तर काही न बोलता पुढच्या फायलीकडे जाते. या वागण्यामागे कारण आहे, चित्रे आणि प्रोग्रॅम यांच्यात मजकूर शोधत बसण्यात अर्थ नसतो. आणि ते बदलण्याचा पर्यायही आहे. पण अपघाताचा तपास करणाऱ्याला नेमक्या कोणत्या ओळी हव्या असतात? त्या पट्ट्याच्या पुढच्या. नेमक्या त्याच न पाहता प्रणाली ‘नाही’ म्हणून मोकळी होते.

आता थांबा म्हणणाऱ्या पक्षाचे खरे बळ कशात आहे ते पाहू, कारण ते थोडे नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसला एखादे पान, म्हणजे साठवलेल्या माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा, खराब आढळले की तो ते वाचायचे नाकारतो आणि चौकशी तिथेच तोडतो. खराब पान शून्यांनी भरलेले मानून पुढे जाण्याची एक सोय त्यात आहे, पण ती मूळ मांडणीत बंद असते, आणि ती चालू केल्यास डेटा नष्ट होतो असे त्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. खात्यातली शिल्लक काढताना, रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते पाहताना, हाच कडकपणा हवा. मी तो मान्य करतो, आणि का मान्य करतो हेही सांगतो. शोधाच्या प्रश्नांचे दोन प्रकार असतात. ‘या नावाची नोंद दाखवा’ या प्रश्नाला मिळालेली नोंद खरीच असते. उरलेल्या फायलींत काहीही असो, ती नोंद खोटी ठरत नाही. ‘अशा किती नोंदी आहेत’, ‘सर्वांत मोठी रक्कम कोणती’, ‘या नावाची एकही नोंद नाही ना’ या प्रश्नांचे तसे नाही. त्यांची उत्तरे न पाहिलेल्या प्रत्येक फायलीवर अवलंबून असतात आणि एका फायलीने उलटू शकतात. पहिल्या प्रकारात थांबणे हा निव्वळ अडेलपणा आहे. दुसऱ्यात न थांबता आकडा देणे हा बेजबाबदारपणा. वादात मात्र या दोन्ही प्रश्नांना एकच नियम लावायचा आग्रह धरला जातो.

दुसऱ्या प्रकारात काय होते याचा पुरावा इंग्लंडने २०२० मध्ये दिला. कोविड चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात उतरवले जात होते आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. उरलेल्या ओळी गळाल्या, प्रणाली पुढे चालत राहिली, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित दैनंदिन आकड्यांतून निसटले. आकडे रोज प्रसिद्ध होतच होते. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढणे मात्र लांबले. हा शोध नव्हता, फायलींची ने-आण होती. पण गप्प राहून पुढे जाण्याची किंमत कोण मोजतो ते यातून दिसते. ती पडद्यासमोर बसलेल्याला मोजावी लागत नाही. ज्याची नोंद गळली त्याला मोजावी लागते, आणि आपली नोंद गळली हे त्याला ठाऊकही नसते.

तरीही थांबा-पक्षाचा उपाय मला पटत नाही, कारण तो प्रत्यक्षात टिकत नाही. एका खराब फायलीपायी सारा शोध बंद पाडणारी प्रणाली लोक सहन करत नाहीत. रात्री झोपेतून उठवला गेलेला अभियंता काय करतो? फाइल उघडण्याच्या आज्ञेभोवती त्रुटी गिळणारे चार ओळींचे कुंपण घालतो आणि पुन्हा झोपतो. ते कुंपण मग वर्षानुवर्षे तिथेच राहते. आज गुपचूप वगळणाऱ्या म्हणून ज्या प्रणालींची निंदा होते, त्यांतल्या अनेक कधीकाळी पहिल्या त्रुटीला थांबणाऱ्याच असणार. कडकपणाला सन्मानाने वाट दिली नाही की तो चोरवाट काढतो.

मोठ्या शोधयंत्रांनी हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच नीट मांडला होता, आणि त्या मांडणीची आठवण या वादात फारशी कोणी काढत नाही याचे मला वाईट वाटते. एरिक ब्रूअर हे इंक्टोमी या शोधयंत्राच्या संस्थापकांपैकी. त्यांनी आणि अर्मांडो फॉक्स यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या निबंधात दोन मापे वेगळी केली. किती प्रश्नांना उत्तर मिळाले हे एक माप, आणि दिलेल्या उत्तरात एकूण माहितीचा किती हिस्सा जमेस धरला हे दुसरे. इंक्टोमीमध्ये वेबची माहिती अनेक यंत्रांवर वाटलेली होती. एक यंत्र पडले तर तेवढा तुकडा दिसेनासा होई, पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळत राही. दोन मापे वेगळी केली की वाद किती सोपा होतो पाहा. ‘थांबायचे की पुढे जायचे’ हा झगडा दोन्ही मापे एकाच आकड्यात कोंबल्यामुळे उभा राहतो. पुढे जायचेच, पण दुसरे माप उत्तरासोबत पाठवायचे.

आजच्या इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीमध्ये ते पाठवलेही जाते. प्रत्येक उत्तरात शोधाचे एकूण किती तुकडे होते, किती यशस्वी झाले, किती फसले याचा हिशेब असतो. पण मूळ मांडणीत अर्धवट उत्तर चालते असे धरलेले आहे, आणि काही तुकडे फसले तरी एचटीटीपी या वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांनुसार प्रतिसादाचा आकडा २०० हाच, म्हणजे ‘सर्व ठीक’, असा येतो. वरचे ॲप्लिकेशन लिहिणारा माणूस सापडलेल्या नोंदींची यादी तेवढी उचलतो आणि पडद्यावर छापतो. फसलेल्या तुकड्यांचा आकडा कोणी वाचतच नाही. म्हणजे खालच्या थराने प्रामाणिकपणे सांगितलेले शेवटच्या टप्प्यात विझते. म्हणूनच माहिती उपलब्ध असणे पुरेसे नाही, ती टाळणे अवघड असले पाहिजे, असा माझा आग्रह आहे. यादी मागितली तर यादी आणि तिची पूर्णता एकत्रच मिळावी, आणि ‘एकही नोंद नाही’ हे वाक्य छापण्याआधी पूर्णतेची खूण तपासणे प्रणालीनेच सक्तीचे करावे.

पुढे चला म्हणणाऱ्या पक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप इथे येतो. ते म्हणतात, मोठ्या संग्रहात काही ना काही सतत बिघडलेलेच असते. प्रत्येक शोधाबरोबर इशारे दिले तर लोक इशारे वाचणेच सोडतील, आणि मग खरा इशाराही वाचला जाणार नाही. हे अगदी खरे आहे. रोज तोच पिवळा पट्टा दिसला की डोळा तो गाळून टाकतो. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? इशारा नेमका द्यावा, असा निघतो. इशारा देऊच नये, असा नाही. ‘काही परिणाम अपूर्ण असू शकतात’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते नेहमीच खरे असते. ‘मार्च महिन्याच्या दोन फायली वाचता आल्या नाहीत’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण मार्च ज्याच्या कामाचा नाही तो ते सोडून देईल आणि ज्याच्या कामाचा आहे तो थबकेल. याच पक्षाकडून इंटरनेटच्या जडणघडणीतला एक जुना नियमही पुढे केला जातो, की पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार. १९८० मध्ये तो इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात नोंदला गेला आणि नेटवर्क वाढायला त्याची मदतही झाली. पण २०२३ च्या आरएफसी ९४१३ या दस्तऐवजात इंटरनेटच्याच स्थापत्य मंडळाने त्याची दुसरी बाजू लिहून ठेवली : चुका मुकाट्याने पोटात घातल्या की त्या दुरुस्त होत नाहीत, मुरतात, आणि पुढे सर्वांनाच त्या चुकांशी जुळवून घ्यावे लागते. खराब फाइल गुपचूप वगळली की ती बॅकअपमधून परत आणायची आठवण कोणाला होणार? होईल तेव्हा बॅकअपमधली चांगली प्रतही, जुन्या प्रती पुसून नव्या ठेवण्याच्या फिरतीत, पुसली गेलेली असेल.

नुकसान झालेल्या साधनांतून शोध घेण्याची शिस्त आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून आहे, आणि तिचा सर्वांत मोठा नमुना पुण्यात घडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ पर्यंत चालले. १९२५ पासून मुख्य संपादक असलेल्या वि. स. सुकथनकर यांच्यापुढे पोथ्यांचा जो ढीग होता त्यात धडधाकट पोथ्या होत्या तशाच पाने गळालेल्या, कडा झडलेल्या, अक्षरे पुसलेल्या पोथ्याही होत्या. काश्मीरकडच्या शारदा परंपरेचा पाठ त्यांना विशेष मोलाचा वाटत होता, आणि आदिपर्वासाठी हाती आलेली त्या परंपरेची भूर्जपत्रावरची पोथी नेमकी खंडित होती. थांबा-पक्षाचा नियम लावला असता तर ती बाजूला ठेवावी लागली असती आणि सर्वांत चांगला साक्षीदारच गमावला असता. पुढे-चला पक्षाचा नियम लावला असता तर याहून वाईट झाले असते. कारण एखादा श्लोक जुन्या पोथीत नसणे हा तो मागाहून घुसवल्याचा पुरावा मानला जातो. पान हरवल्यामुळे न दिसणारा श्लोक ‘नाही’ म्हणून मोजला, तर अस्सल श्लोकावर प्रक्षिप्ताचा शिक्का बसेल.

त्या संपादकांनी काय केले ते आवृत्तीच्या कोणत्याही पानाच्या तळाशी पाहता येते. लेखकूच्या पाठात श्लोक मुळातच नसेल तर त्याची खूण वेगळी. पान हरवल्यामुळे किंवा झडल्यामुळे मजकूर गेला असेल तर तशी नोंद वेगळी, आणि ती कोणत्या श्लोकापासून कोणत्या श्लोकापर्यंत हेही दिलेले. खंडित पोथीची साक्ष जिथे आहे तिथे पुरेपूर घेतली, जिथे नाही तिथे तिच्या मौनाचा अर्थ लावला नाही. सुमारे पन्नास वर्षे, पिढ्या बदलल्या तरी, हातांनी लिहिलेल्या तपासणीपत्रकांवर हे पाळता आले. मग सेकंदाला लाखो नोंदी चाळणाऱ्या यंत्राला हे जड का जावे?

अशी नोंद ठेवल्याने पुढे काय साधते याचे विज्ञानातले उदाहरण नेहमी उलटे सांगितले जाते. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीविषयी फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तेव्हापासून एक कथा फिरते की निंबस-७ उपग्रहाची मोजमापे नासाच्या सॉफ्टवेअरने अशक्य समजून फेकून दिली होती. प्रत्यक्षात १८० डॉबसन एककांच्या (ओझोन मोजण्याच्या एककांच्या) खालच्या आकड्यांना संशयास्पद अशी खूण केली जात होती; आकडे जपलेले होते. खूण होती म्हणून ते आकडे लक्षात आले, जपलेले होते म्हणून तपासता आले, आणि १९८६ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांना उपग्रहाच्या त्याच नोंदींतून ओझोनच्या घटीचा विस्तार दाखवता आला. ते आकडे खरेच फेकले असते, तर आज सांगितली जाणारी खोटी कथा खरी झाली असती.

माझ्या भूमिकेलाही एक अवघड मर्यादा आहे. खराब फाइल निदान स्वतः तक्रार करते. हरवलेली फाइल काहीच करत नाही. फोल्डरमध्ये जे आहे त्याचीच यादी करून शोधणाऱ्या प्रणालीला काय नाही हे कळणार कसे? पोथीचे पान हरवले हे कळते कारण पानांवर क्रमांक असतात. त्यासाठी काय असायला हवे याची यादी शोधाच्या बाहेर, वेगळी ठेवलेली असावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते. याहूनही कठीण प्रकार २०१८ मध्ये दिसला. लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार सॉफ्टवेअर-संचाच्या, २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम ठरवणारे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसच्या अनुक्रमणिका, म्हणजे नोंदी झटकन शोधण्यासाठीच्या सूच्या, जुन्या क्रमाने रचलेल्या होत्या, शोध नव्या क्रमाने सुरू झाला, आणि टेबलात असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या. एकही बाइट बिघडला नव्हता. बिघाड ओळखण्यासाठी ठेवलेले पडताळणीचे आकडे, म्हणजे चेकसम, जुळत होते. अशा वेळी ‘न पाहिलेल्याची नोंद द्या’ हा नियम अपुरा पडतो, कारण आपण पाहिले नाही हेच प्रणालीला माहीत नसते. पुढच्या आवृत्त्यांत पोस्टग्रेस वर्णक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवू लागले आणि ती जुळली नाही तर इशारा देऊ लागले. म्हणजे उपाय पुन्हा त्याच दिशेचा आहे : शोध कोणत्या गृहीतांवर उभा आहे तेही लिहून ठेवायचे आणि पडताळायचे.

दुरुस्तीविषयी एकच गोष्ट सांगायची आहे. ल्युसीन या शोधासाठीच्या तयार सॉफ्टवेअर-संचासोबत अनुक्रमणिका तपासणारे एक साधन येते. त्यात एक पर्याय असा आहे की खराब झालेला खंड अनुक्रमणिकेतून काढून टाकून उरलेली अनुक्रमणिका चालू करता येते. त्या खंडातली कागदपत्रे त्याबरोबर कायमची जातात आणि शोध पुन्हा विनातक्रार चालू लागतो. विनातक्रार, हेच भयंकर आहे. असे साधन चालवणाऱ्याने काय काढले याची नोंद शोधाच्या उत्तरात पुढेही उमटत राहील अशी सोय केली नाही, तर दुरुस्तीच नुकसान लपवते.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी घरचा आहे. आपल्या नियतकालिकांचे जुने अंक, संस्थांचे अहवाल, शासकीय पत्रके यांच्या कितीतरी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये आहेत. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. शोधपेटीत ‘दुष्काळ’ टाकला की तो शब्द शीर्षकात असूनही शून्य उत्तरे येतात. संशोधक विद्यार्थी त्या शून्यावर विश्वास ठेवतो आणि अमुक नियतकालिकाने अमुक काळात दुष्काळावर काही लिहिले नाही असे प्रबंधात नोंदवतो. फाइल शाबूत आहे, शोधासाठी मात्र ती खराब फायलीसारखीच आहे. या सर्व फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर व्हायला हवे, पण त्याला वर्षे लागतील, आणि तोवर शोध बंद ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र कोणत्या पीडीएफमधून देवनागरी मजकूर निघाला आणि कोणत्यातून निघाला नाही, ही माहिती अनुक्रमणिका बनवतानाच मिळवता येते. निघालेल्या मजकुरात देवनागरी अक्षरे आहेत की नाहीत एवढे तपासणे हे प्रोग्रॅमरला काही ओळींचे काम आहे. ती यादी वर्षवार आणि अंकवार जपावी, आणि शून्य उत्तर आले की ‘या काळातले अमुक अंक शोधता आले नाहीत, ते प्रत्यक्ष पाहावेत’ असे त्या अंकांच्या दुव्यांसह त्याच पानावर छापावे. असा एखादा संग्रह चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे आपण वाचकांनी ही मागणी आजच केली पाहिजे.